भांग, गांजा आणि नोंदवही : विस्तार कार्यकर्त्यांसाठी अभ्यासलेख

तंजावूरकडे जाणाऱ्या कृषी अभ्यास दौऱ्यांचा मार्ग साधारणतः ठरलेला असतो. अडुथुरै येथील भात संशोधन संस्था, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील कालवे, अन्नप्रक्रिया संस्थेतील यंत्रे आणि शेवटी बृहदीश्वर मंदिर. गट महाराष्ट्रातील असल्यास मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरविलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख आवर्जून दाखविला जातो. राजवाड्याच्या परिसरातील सरस्वती महाल ग्रंथालयासाठी मात्र बहुधा अर्धा तासही उरत नाही. वनस्पती, औषध आणि विष यांतील सीमारेषा समजून घ्यावयाची असेल, तर या परिसराइतकी उपयुक्त जागा दुसरी क्वचितच सापडेल.

या ग्रंथालयातील ताडपत्रांचे आणि कागदी हस्तलिखितांचे मोठे शत्रू कीटक आहेत. हळद साठविणाऱ्या शेतकऱ्यांना परिचित असलेला सिगारेट बीटल, म्हणजेच लॅसिओडर्मा सेरिकॉर्ने, आणि वाळलेल्या औषधी मुळ्या पोखरणारा स्टेगोबियम पॅनिसियम हे दोन्ही भुंगेरे जुन्या पोथ्यांवरही उपजीविका करतात. त्यांच्यापासून संरक्षणासाठी येथे वेखंड, लवंग, मिरी, दालचिनी इत्यादींची भरड पुरचुंडीत बांधून पोथ्यांजवळ ठेवण्याची जुनी पद्धत आहे. वेखंडातील बीटा-असारोन हे द्रव्य साठवणुकीतील किडींना मारक ठरते. तेच द्रव्य उंदरांना दीर्घकाळ खाऊ घातल्यावर त्यांच्यात गाठी निर्माण झाल्या आणि त्यामुळे १९६८ साली अमेरिकेने खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यास बंदी घातली. भारतातील वेखंडात या द्रव्याचे प्रमाण अधिक असते. मराठी घरांत बाळगुटीत उगाळला जाणारा वेखंड तो हाच. सिगारेट बीटल तंबाखूच्या पानावर सुखेनैव जगतो, म्हणून तंबाखू मनुष्यास निर्धोक ठरत नाही. वनस्पतिजन्य पदार्थ तेवढा सुरक्षित, ही समजूत कीटकशास्त्राच्या पहिल्याच धड्यात गळून पडते. भांग आणि गांजा यांविषयी बोलताना ती पुन्हा डोके वर काढते, म्हणून हा प्रारंभ.

धन्वंतरी महालाची शिस्त

दुसरे सरफोजी महाराज १७९८ ते १८३२ या काळात तंजावूरच्या गादीवर होते. त्यांनी स्थापन केलेल्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा चारही परंपरांचे वैद्य एकत्र काम करीत. गुणकारी आढळलेले उपचार पुढे तमिळ पद्यात बांधून घेण्यात आले आणि ते ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने ओळखले जातात. सरस्वती महालात नेत्ररोग्यांची रुग्णपत्रकेही जतन करण्यात आली आहेत. रोग्याची तक्रार, डोळ्याचे हाताने काढलेले चित्र, केलेला उपचार आणि त्यानंतरची स्थिती, असा त्यांचा क्रम आहे. आजच्या नेत्रतज्ज्ञांनी या कागदांचा अभ्यास करून तो वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला आहे.

या पत्रकांचे महत्त्व राजाच्या औदार्यात नाही. ‘अमुक औषधाने गुण येतो’ आणि ‘अमुक रोग्यास, अमुक मात्रेत, इतक्या दिवसांनी असा गुण आला’ या दोन विधानांत पडणारे अंतर त्यांत दिसते. प्रक्षेत्र चाचणी घेणाऱ्या प्रत्येक विस्तार कार्यकर्त्यास हे अंतर ठाऊक असते. भांगेच्या बाबतीत मात्र सुशिक्षित माणसेही ते विसरतात. एका गटाच्या मते ती शिवाचा प्रसाद आणि सर्व रोगांवरील औषध, तर दुसऱ्याच्या मते वेडाची हमखास वाट. दोन्ही गटांकडे किस्से पुष्कळ असतात, नोंदी नसतात.

वनस्पती आणि तिचे राळयुक्त केस

कॅनाबिस सटायव्हा या वनस्पतीची नर आणि मादी झाडे बहुधा वेगवेगळी असतात. मादी फुलोऱ्यावरील सूक्ष्म ग्रंथियुक्त केसांत चिकट राळ तयार होते. ही राळ वनस्पतीच्या बचावाच्या व्यवस्थेचा भाग मानली जाते. बारीक कीटक तिच्यात चिकटून मरतात. राळेतील टेट्राहायड्रोकॅनॅबिनॉल, संक्षेपाने टीएचसी, हे नशेचे मुख्य द्रव्य होय. कॅनाबिडिऑल अर्थात सीबीडी हे त्याचे भावंड नशा आणीत नाही. फुलोऱ्यापासून गांजा, वेगळ्या केलेल्या राळेपासून चरस आणि पानांपासून भांग तयार होते. पानांत टीएचसीचे प्रमाण तुलनेने कमी, गांज्यात अधिक आणि चरसात सर्वांत अधिक असते.

येथे कीटकशास्त्रातील एक गमतीदार निष्कर्ष नोंदविण्याजोगा आहे. मनुष्याच्या मेंदूत ज्या ग्राहकांना टीएचसी चिकटते, ते कॅनॅबिनॉइड ग्राहक कीटकांमध्ये आढळत नाहीत. पाठीचा कणा असणाऱ्या प्राण्यांत ते असतात. म्हणजे गाय, बैल, कुत्रा यांना भांग चढते, मावा व तुडतुड्यांना चढत नाही. ‘जनावराला पोटफुगीवर मूठभर भांग द्यावी’ असा सल्ला काही ठिकाणी आजही ऐकू येतो. मात्रेचा हिशेब नसलेला हा उपाय जनावराला गुंगी आणून मूळ आजार झाकून टाकू शकतो, आणि पोटफुगीत गमावलेला एकेक तास महागात पडतो.

आयोगाने तपासलेला ‘कारण’ रकाना

भारतातील भांग-गांज्याची पहिली व्यापक चौकशी १८९३-९४ साली झाली. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालील भारतीय हेंप ड्रग्ज आयोगाने देशभर हिंडून ११९३ साक्षी नोंदविल्या. मुंबई इलाख्यात त्या काळी अहमदनगर जिल्हा गांज्याच्या लागवडीसाठी प्रसिद्ध होता. मध्य प्रांतात खांडवा, बंगालमध्ये नौगाव ही केंद्रे होती. मर्यादित सेवनाने सामान्यतः लक्षणीय अपाय होत नाही, अतिसेवन मात्र शरीर व मन या दोहोंना घातक ठरते, असा आयोगाच्या निष्कर्षाचा सारांश सांगता येईल. गांज्याचे समर्थक यातील पहिला अर्धा भाग सांगतात, विरोधक दुसरा.

या दोन्ही अर्ध्यांपेक्षा अहवालातील वेड्यांच्या इस्पितळांविषयीचे प्रकरण अधिक मोलाचे आहे. इस्पितळांच्या नोंदवह्यांत वेडाचे ‘कारण’ असा एक रकाना असे. रोग्यास घेऊन येणाऱ्या पोलिसाने जे सांगितले तेच तेथे उतरविले जाई आणि दुसरे काही माहीत नसल्यास ‘गांजा’ हा शब्द सोयीचा पडे. आयोगाने १८९२ सालच्या १३४४ रुग्णप्रवेशांची छाननी केली. नोंदवह्यांनी त्यांपैकी २२२ जणांचे वेड भांग-गांज्यावर ढकलले होते. कसून तपासल्यावर त्यातील ९८ जणांच्याच बाबतीत तसा संबंध मान्य करता आला. निम्म्याहून अधिक नोंदी ऐकीव होत्या. तंजावूरच्या रुग्णपत्रकांनंतर साठ-सत्तर वर्षांनी आणि सरकारी शिक्क्यासह हे घडत होते, ही बाब विचार करण्यासारखी आहे.

परंतु ९८ म्हणजे शून्य नव्हे. आणि १८९४ च्या निष्कर्षावर २१ व्या शतकात विसंबणे धोक्याचे आहे, कारण आजचा माल पूर्वीइतका सौम्य राहिलेला नाही. युरोपातील अनेक केंद्रांत आणि ब्राझीलमध्ये झालेल्या, २०१९ साली ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दररोज सेवन करणाऱ्यांमध्ये प्रथमच उद्भवणाऱ्या मनोविकृतीची शक्यता कधीही सेवन न करणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट आढळली; दहा टक्के वा अधिक टीएचसी असलेला माल रोज घेणाऱ्यांत ती पाचपटीच्या जवळ गेली. घराण्यात असा आजार असल्यास हा धोका पत्करण्यास काहीही समर्थन उरत नाही.

मात्रा, वेळ आणि वय

शार्ङ्गधर संहितेने भांगेचा समावेश ‘व्यवायी’ द्रव्यांत केला आहे; म्हणजे जे आधी सर्व शरीरभर पसरते आणि मग पचते. टीएचसी मेदात विरघळते, शरीरभर पसरते आणि मेदात दीर्घकाळ साठून राहते. नित्य सेवन करणाऱ्याच्या मूत्रात ते काही आठवडे सापडू शकते. जुन्या वर्गीकरणाशी हे बरेच जुळते. मात्र सेवनाचा मार्ग बदलला की वेळापत्रक बदलते. धूर ओढल्यास परिणाम काही मिनिटांत जाणवतो. थंडाई, गोळी किंवा भजी यांतून पोटात गेलेली भांग अर्धा ते दोन तास काहीच दाखवीत नाही. यकृतात तिचे अधिक प्रभावी द्रव्यात रूपांतर होते आणि मग अंमल सहा-आठ तास किंवा त्याहून अधिक टिकतो. महाशिवरात्रीला किंवा होळीला ‘काही चढली नाही’ म्हणून घेतलेला दुसरा पेला काही वेळा रुग्णालयाची वाट दाखवितो. त्यात धोत्र्याची भेसळ असल्यास प्रकरण जीवावर बेतू शकते.

सेवन करणाऱ्या साधारण दहांपैकी एकास व्यसन जडते. किशोरवयात प्रारंभ झाल्यास हे प्रमाण सहांत एकाच्या आसपास जाते. मेंदूची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते, त्यामुळे महाविद्यालयीन वयातील नियमित सेवन स्मरणशक्ती व एकाग्रता यांवर आघात करते. गर्भवतीने सेवन केल्यास बालकाचे जन्मवजन घटण्याचा धोका असतो आणि स्तनदा मातेच्या दुधातूनही टीएचसी बाळाकडे जाते. हृदयविकार असणाऱ्यांना वाढणारे नाडीचे ठोके धोकादायक ठरू शकतात. दीर्घकाळ सेवन करणाऱ्या काहींना वारंवार अनावर उलट्या होतात. गरम पाण्याने अंघोळ केल्यावर तात्पुरता आराम पडणे ही त्या विकाराची खूण होय.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेले आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेले सर्वेक्षण सांगते, की देशातील १० ते ७५ वयोगटातील सुमारे ३.१ कोटी व्यक्तींनी आधीच्या वर्षभरात या वनस्पतीचा कोणता ना कोणता प्रकार घेतला होता, आणि सुमारे ७२ लाखांना त्यापायी मदतीची गरज होती.

फवारणीच्या दिवशी

शेतीशी थेट भिडणारा धोका याहून वेगळा आहे आणि त्याविषयी फारसे लिहिले जात नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा बळी गेला. अशा प्रसंगी पहिला तास निर्णायक असतो. फवारणी करणारा मजूर अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला आणि त्याला भांग-गांज्याची सवय असल्याचे गावाला माहीत असले, तर ‘नशेत आहे, झोपू द्या’ असे म्हणून त्याला झाडाखाली निजविले जाण्याचा धोका असतो. तो इस्पितळांच्या ‘कारण’ रकान्याचाच पुनरावतार होय.

लक्षणे नीट पाहिली तर बहुतेक वेळा फरक ओळखता येतो. भांग-गांज्याच्या अंमलात डोळे लाल होतात, तोंड कोरडे पडते आणि नाडी जलद चालते. ऑरगॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकाची बाधा झाल्यास डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आकुंचन पावतात, लाळ व घाम सुटतो, डोळ्यांतून पाणी येते, उलटी-जुलाब होतात, छातीत घरघर होते आणि स्नायू फडफडू लागतात. नाडी बहुधा मंदावते. धोत्र्याच्या विषबाधेत बाहुल्या मोठ्या होतात, अंग तापते, त्वचा कोरडी पडते व रोगी बरळतो. दोन कारणे एकत्र असल्यास हे चित्र गढूळ होते, आणि सर्वच कीटकनाशके याच रीतीने बाधत नाहीत. म्हणून शंका आली की ती विषबाधाच आहे असे गृहीत धरावे. दूषित कपडे उतरवावेत, अंग साबण व पाण्याने धुवावे, शुद्ध हरपत असल्यास कुशीवर वळवावे, उलटी करविण्याचा प्रयत्न करू नये आणि कीटकनाशकाच्या वेष्टनासह तत्काळ रुग्णालयात न्यावे. व्यक्तीने भांग किंवा गांजा घेतला असल्यास तेही डॉक्टरांना निःसंकोच सांगावे. ही माहिती उपचारासाठी असते. शेवटची फवारणी केव्हा झाली, कोणते औषध, किती वेळ, हे जो लिहून नेतो तो डॉक्टरांचा मोठा वेळ वाचवितो.

ज्याने त्या दिवशी कोणतीही नशा केली असेल, त्याच्या पाठीवर पंप देऊ नये व त्याला ट्रॅक्टर, मळणीयंत्र किंवा कडबाकुट्टी यंत्राजवळ उभे करू नये. भांगेचा अंमल उशिरा चढतो हे लक्षात घेता, सकाळी ‘ठीक’ दिसणारा माणूस दुपारी ठीक राहीलच असे नाही.

चोरट्या गांज्यासंबंधी आणखी एक बाब. या पिकासाठी कोणत्याही कीटकनाशकाची मान्यताप्राप्त शिफारस नाही आणि काढणीपूर्व कालावधी कोणी पाळीत नाही. पालेभाजीवरील अवशेष काही अंशी धुतले जातात; गांज्यावरील अवशेषांचा मोठा भाग धुरावाटे सरळ फुप्फुसात उतरतो. दमट जागी साठविलेल्या मालावर अॅस्परजिलस बुरशी वाढते आणि रोगप्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांना तिचा फुप्फुससंसर्ग प्राणघातक ठरू शकतो. ‘शुद्ध नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुडीची ही वस्तुस्थिती आहे.

औषध म्हणून

आयुर्वेदात भांग ‘विजया’ या नावाने येते आणि दूध, तूप इत्यादींच्या साहाय्याने शोधन केल्यावाचून ती वापरावयाची नसते. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यांतर्गत नियमांच्या ई(१) अनुसूचीत विषारी द्रव्यांच्या यादीत भांग व गांजा यांचा समावेश आहे. त्यामुळे अशा औषधाच्या वेष्टनावर ते वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे अशी सूचना असणे बंधनकारक आहे. आधुनिक वैद्यकात बालकांच्या दोन दुर्मीळ व गंभीर अपस्मार प्रकारांसाठी शुद्ध सीबीडीचे औषध अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली मान्य केले. ठरावीक मात्रा, ठरावीक रोग आणि नियंत्रित चाचण्या यांतून ही मान्यता आली. तिच्या आधारे गुडघेदुखीपासून कर्करोगापर्यंत सर्व काही बरे करणारे तेल विकणाऱ्यांवर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने ही वनस्पती सर्वांत कडक यादीतून काढली आणि भारताने त्या बाजूने मत दिले, हे खरे आहे; पण ती पहिल्या अनुसूचीत कायम आहे, हा भाग समाजमाध्यमांवरील संदेशांत गाळला जातो.

बांधावरचा कायदा

अमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ अन्वये गांजा म्हणजे फुलोरा. फुलोऱ्याविना असलेली पाने व बिया त्या व्याख्येत येत नाहीत. मात्र पानांच्या भांगेवर राज्यांचे कायदे लागू होतात आणि महाराष्ट्रात दारूबंदी कायद्यान्वये तिचे नियंत्रण होते. झाडाची विनापरवाना लागवड केल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. उसात, तुरीत किंवा कपाशीत आडोशाने लावलेली झाडे सापडल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. वाट्याने किंवा खंडाने दिलेल्या शेतात असे घडल्यास जमीनमालकास ‘मला काय त्याचे’ म्हणता येत नाही. कलम ४६ नुसार आपल्या जमिनीवरील बेकायदा लागवडीची माहिती तत्काळ देणे त्याच्यावर बंधनकारक आहे व जाणूनबुजून ती टाळल्यास तो शिक्षेस पात्र ठरतो. कलम ४७ हेच कर्तव्य प्रत्येक शासकीय अधिकारी, सरपंच, पंच व ग्रामपातळीवरील अधिकाऱ्यांवर टाकते. पीकपाहणीसाठी बांधावर जाणारा कृषी सहायक यातून सुटत नाही.

माहिती देण्यापूर्वी ओळख पक्की असावी. अंबाडीचे शास्त्रीय नावच हिबिस्कस कॅनाबिनस आहे, कारण तिची पाने दुरून गांज्यासारखी दिसतात. अंबाडीला मोठी फिकट पिवळी, मध्यभागी गर्द लाल डोळा असलेली फुले येतात. पान चुरडल्यास उग्र दर्प येत नाही. गांज्याच्या झाडाला डोळ्यांत भरणाऱ्या पाकळ्या नसतात, पानांचे निमुळते भाग करवतीसारख्या कडांचे असतात आणि फुलोरा चिकट व तीव्र वासाचा असतो. हिरवळीचा ताग तर शेंगवर्गीय पीक. इंग्रजी नावातील ‘हेंप’ या शब्दापलीकडे त्याचा या वनस्पतीशी संबंध नाही.

धागा व बियांसाठीची औद्योगिक लागवड कलम १४ खाली शासनाच्या अनुमतीनेच होऊ शकते. उत्तराखंडात असे परवाने २०१८ पासून दिले गेले असून तेथे टीएचसीची कमाल मर्यादा ०.३ टक्के आहे. २०२१ साली भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने या बिया, त्यांचे तेल व पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. याचा अर्थ महाराष्ट्रातील शेतकऱ्याने बियाणे मागवून पेरावे असा होत नाही. ‘सरकारमान्य हेंप, एकरी अमुक लाख’ अशी जाहिरात करून आगाऊ रक्कम मागणाऱ्याकडे परवान्याचा क्रमांक मागावा आणि तो जिल्हा प्रशासनाकडून पडताळून घ्यावा.

घरातील कोणी या व्यसनात अडकले असल्यास कायद्याचे भय उपचाराच्या आड येऊ देऊ नये. अल्प प्रमाणाच्या प्रकरणांत स्वेच्छेने उपचार घेऊन ते पूर्ण करणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीस कलम ६४-अ खाली खटल्यापासून संरक्षण मिळते. राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा क्रमांक १४४४६ आहे. मानसिक त्रासाची लक्षणे दिसल्यास टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.